देवमासे पाहायला कुठे आणि केव्हा जावे: मुंबईकरांसाठी

मुंबईतील बहुतेक घरांत सहलीचा विचार सुट्टीपासून सुरू होतो. मुलांच्या परीक्षा संपल्या आणि कार्यालयातून आठवड्याची रजा मंजूर झाली, की आधी विमानाची तिकिटे काढली जातात आणि मग तिथे पाहण्यासारखे काय आहे याचा शोध सुरू होतो. देवळे, किल्ले आणि बागा पाहायच्या असतील तर हा क्रम चालून जातो, कारण त्या बाराही महिने जागच्या जागी असतात. देवमाशांच्या बाबतीत मात्र तो अंगाशी येतो. आम्ही मे महिन्याच्या अखेरीस श्रीलंकेची तिकिटे काढली आणि दक्षिण किनाऱ्यावरील मिरिसा गाठले, ते केवळ नाव ऐकून. पहिल्या दोन दिवशी समुद्र खवळलेला असल्यामुळे बोटी निघाल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी एक बोटवाला तयार झाला, त्याने पूर्ण पैसे आधी घेतले, आणि दोन तासांत निम्म्या प्रवाशांनी पिशव्या तोंडाशी धरल्यावर बोट रिकाम्या हाती परतली. त्याच काळात बेटाच्या दुसऱ्या अंगाला, त्रिंकोमालीला, पाणी संथ असते आणि देवमासे दिसतात, हे आम्हाला परतल्यावर कळले. म्हणून आधी प्राणी, मग जागा, मग महिना आणि सर्वांत शेवटी तिकीट, हा क्रम मी आता सर्वांना सांगतो.

मुंबईहून का दिसत नाहीत

शाळेच्या भूगोलात आपण ‘समुद्रबूड जमीन’ आणि ‘खंडान्त उतार’ हे शब्द पाठ केलेले असतात. देवमाशांची सहल ठरवताना या दोन शब्दांइतके उपयोगी दुसरे काही नाही. किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन उथळ असते, आणि ती संपली की तळ एकदम खोल जातो. बहुतेक मोठे देवमासे चरतात ते या उताराच्या आसपास, कारण तेथे खोलातील थंड, पोषक पाणी वर येते आणि त्याच्यावर वाढणारी सूक्ष्म जीवांची, कोळंबीची आणि माशांची दाटी होते. मुंबईसमोर ही समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. गेटवेहून निघालेली कोणतीही पर्यटक बोट तिच्या कडेपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ शकत नाही. दक्षिणेकडे जाऊ तशी ती अरुंद होत जाते. विजयदुर्गासमोर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी अँग्रिया बँक ही प्रवाळभिंत किनाऱ्यापासून सुमारे १०५ किलोमीटरवर आहे आणि तिच्या पलीकडे लवकरच खोल पाणी लागते. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला तर काही किलोमीटरवरच तळ नाहीसा होतो, आणि मिरिसाची सारी प्रसिद्धी या एका गोष्टीवर उभी आहे.

मुंबईकरांना देवमासा भेटतो तो बहुधा मेलेला किंवा मरणासन्न. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूवर सुमारे ३५ फुटांचा ब्रायडीज देवमासा मृतावस्थेत आला होता, आणि जून २०१५ मध्ये रेवदंड्याला त्याहून मोठा निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. याचा अर्थ अरबी समुद्रात देवमासे नाहीत असा मुळीच नाही. २०१५ मध्ये सिंधुदुर्गातील कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांनी निळे देवमासे जिवंत पाहिले. २०१७ च्या अखेरीस ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रह-यंत्र लावलेली हंपबॅक जातीच्या देवमाशाची एक मादी अरबी समुद्र ओलांडून थेट गोव्यासमोर आली. तिचे नाव लुबान, म्हणजे ज्या शब्दावरून आपला लोबान आला तोच. अरबी समुद्रातील हंपबॅकांचा हा गट जगातील इतर हंपबॅकांपासून हजारो वर्षे वेगळा पडलेला आहे आणि ओमानच्या समुद्रात त्यांची संख्या शंभराच्या आत आहे. ही संख्या इतकी कमी असण्यामागे शिकारीचा मोठा वाटा आहे. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी अवघ्या काही दिवसांत ओमानपासून गुजरातपर्यंतच्या पाण्यात सुमारे २४० हंपबॅक बेकायदा मारले. तेव्हा कोकणात कोणी ‘देवमासे दाखवतो’ असे सांगून बोटीत बसवू लागला, तर तो डॉल्फिन दाखवणार आहे असे समजून चालावे. डॉल्फिनही सुंदरच असतात, आणि तारकर्लीला किंवा दापोलीजवळच्या मुरूड-हर्णेला ऑक्टोबरपासून मेपर्यंत सकाळच्या शांत पाण्यात ते सहज दिसतात. फक्त आपण कशाचे पैसे देतो आहोत हे माहीत असावे.

सासर, माहेर आणि कायमचे रहिवासी

जागा निवडताना देवमासा त्या पाण्यात कशासाठी येतो हे विचारावे. मोठ्या देवमाशांचे वर्ष साधारणपणे दोन भागांत विभागलेले असते. उन्हाळ्यात ते ध्रुवांकडच्या थंड पाण्यात भरपूर खातात, आणि हिवाळ्यात उबदार, उथळ पाण्यात येऊन विणतात व जोड्या जमवतात. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते तसाच हा प्रकार, फरक इतकाच की या माहेरी खायला जवळजवळ काहीच नसते आणि माता साठवलेल्या चरबीवर पिल्लाला दूध पाजते. खाण्याच्या जागी देवमासे व्यग्र असतात, वारंवार बुडी मारतात, आणि त्यांचे थवे भक्ष्याच्या मागे सरकत राहतात. माहेरच्या जागी ते रेंगाळतात, उड्या मारतात आणि पिल्लांना घेऊन फिरतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याने, विशेषतः मुले बरोबर असतील तर, माहेरची जागा निवडावी असे माझे मत आहे.

ऑस्ट्रेलियातील हर्वी बे ही अशा जागांतील सर्वांत सोपी. के’गारी या लांबलचक वाळूच्या बेटाच्या आडोशाला जुलैअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत अंटार्क्टिकाकडे परतणाऱ्या हंपबॅक माता पिल्लांसह विसावतात, आणि आडोशामुळे पाणीही फारसे उसळत नाही. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या खाऱ्या तलावांत फेब्रुवारी-मार्चमध्ये राखाडी देवमासे स्वतः होऊन लहान बोटींपाशी येतात. हा प्राणी जाऊन-येऊन १६,००० किलोमीटरहून अधिक प्रवास करतो. हवाईतील माउई येथे हंपबॅकांसाठी जानेवारी ते मार्च हा उत्तम काळ आहे. दक्षिण आफ्रिकेतील हर्मनस मला सर्वांत जास्त भावते ते तेथे बोटीची गरजच नसते म्हणून. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सदर्न राइट जातीचे देवमासे किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतात, की कड्यावरच्या पायवाटेवरच्या बाकावर बसलेल्या आजी-आजोबांनाही ते दुर्बिणीशिवाय दिसतात. गुडघे किंवा पोट साथ देत नसलेल्या माणसाला बरोबर नेणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

खाण्याच्या, म्हणजे सासरच्या, जागांपैकी आइसलँडमधील हुसाविक जून-जुलैसाठी आणि नॉर्वेचा उत्तर किनारा नोव्हेंबर ते जानेवारीसाठी. नॉर्वेचे उदाहरण एका वेगळ्या कारणाने शिकण्यासारखे आहे. तेथे ओर्का (काळे-पांढरे शिकारी ‘किलर व्हेल’) आणि हंपबॅक हेरिंग माशांच्या मागे येतात, आणि हेरिंगने हिवाळा काढायची खाडी बदलली की सगळा बाजार हलतो. काही वर्षांपूर्वी ते ट्रोम्सो शहराच्या लगतच्या खाड्यांत होते, पुढे ते उत्तरेकडे शेर्वॉयला सरकले. पाच वर्षांपूर्वीचे प्रवासवर्णन वाचून तेथील हॉटेल ठरवणारा माणूस चुकीच्या गावी उतरतो. शिवाय नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवतच नाही आणि दिवसाचा अंधुक उजेड काही तासांचाच असतो, हेही ध्यानात घ्यावे.

तिसरा प्रकार कायमच्या रहिवाशांचा. न्यूझीलंडमधील कैकोरा येथे समुद्रातील खोल घळ किनाऱ्याला जवळजवळ चिकटलेली आहे, म्हणून स्पर्म व्हेल या खोल बुडी मारणाऱ्या देवमाशांचे नर बाराही महिने दिसतात. आणि हिंदी महासागराचा उत्तर भाग तर जमिनीने बंद झालेला, त्यामुळे येथील निळे देवमासे ध्रुवाकडे जातच नाहीत. ते वर्षभर याच पाण्यात, पावसाळी वाऱ्यांनी जेथे भक्ष्य वर येईल तेथे फिरत राहतात. श्रीलंकेजवळ ते प्रामुख्याने सर्जेस्टिड जातीची बारीक कोळंबी खातात असे आढळले आहे. आपला जवळा याच कुळातला. वेसावे किंवा माहीमच्या बाजारात शेराने मिळणारा जवळा पाहिला की मला नेहमी त्या २० मीटरच्या धुडाची आठवण येते. श्रीलंकेच्या संशोधक आशा डी व्हॉस यांना २००३ मध्ये येथे सहा निळे देवमासे एकत्र दिसले आणि पाण्यावर त्यांची लालसर विष्ठा तरंगताना आढळली, त्यावरून हे प्राणी या उष्ण पाण्यात केवळ ये-जा करत नसून चरत आहेत हे त्यांच्या ध्यानी आले. बोटीवरून असा विटकरी डाग दिसला तर तोंड फिरवू नये; तो शुभशकुन आहे.

आपल्या सुट्ट्या आणि समुद्राचे महिने

मुंबईकराच्या हाती खऱ्या अर्थाने चारच सुट्ट्या असतात: नाताळ, उन्हाळा, गणपती आणि दिवाळी. त्यांच्याशी समुद्राचे गणित जुळवून पाहू.

नाताळपासून मार्चअखेरपर्यंत मिरिसा हे निःसंशय पहिले उत्तर आहे. मुंबईहून कोलंबोचे थेट विमान अडीच तासांच्या आसपास पोहोचते, पुढे दक्षिण द्रुतगती मार्गाने तीनएक तास लागतात, आणि खर्च युरोप-ऑस्ट्रेलियाच्या काही अंशात भागतो. हंगाम नोव्हेंबरअखेरीस उघडतो आणि एप्रिलमध्ये आटोपतो. पण नाताळच्या आठवड्यात गर्दी इतकी असते, की एका देवमाशाभोवती डझनभर बोटी जमतात. शक्य असेल तर फेब्रुवारी किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातील आठवडा धरावा, आणि त्यातही शनिवार-रविवार टाळावा. स्पर्म व्हेलच पाहायचे असतील तर वायव्येकडील कल्पिटिया मार्च-एप्रिलमध्ये अधिक चांगले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, नैर्ऋत्य मोसमी वारे श्रीलंकेचा दक्षिण व पश्चिम किनारा झोडपू लागतात आणि पूर्व किनारा डोंगरांच्या आड सुरक्षित राहतो. तेव्हा त्रिंकोमालीला जावे. तेथील बंदराच्या तोंडापासूनच खोल घळ सुरू होते, म्हणून निळे देवमासे आणि स्पर्म व्हेल किनाऱ्याजवळ येतात. कोलंबोपासून रस्ता सहाएक तासांचा आहे आणि बोटी बहुधा लहान, उघड्या असतात, या दोन अडचणी मान्य करून निघावे. कोणेश्वराचे शिवमंदिर ज्या कड्यावर आहे, त्या कड्यावरूनही कधीकधी फवारे दिसतात, तेव्हा घरातील ज्येष्ठांचे दर्शन आणि मुलांचे देवमासे एकाच जागी साधण्याची ही संधी आहे.

गणपतीच्या दिवसांत घर सोडणे आपल्याकडे कठीण, पण ज्यांच्या घरी दीड दिवसांनी विसर्जन होते त्यांच्यासाठी मॉरिशस सुचवतो. जुलै ते सप्टेंबर तेथे अंटार्क्टिकाकडून आलेले हंपबॅक असतात, पश्चिम किनाऱ्यासमोर स्पर्म व्हेलच्या माद्या व पिल्ले वर्षभर राहतात, आणि त्या देशात पिढ्यानपिढ्या राहणारा मराठी समाज असल्यामुळे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टीही असते. विसर्जनाची मिरवणूक पाहून दुसऱ्या सकाळी देवमासा पाहणे ही गोष्ट दुसरीकडे कुठे जमेल असे वाटत नाही.

दिवाळी सर्वांत अडचणीची. ती ऑक्टोबरच्या मध्यास आली तर हर्वी बे आणि हर्मनस दोन्ही चालतात. नोव्हेंबरमध्ये आली तर तेथला हंगाम सरलेला आणि मिरिसाचा धड सुरू न झालेला असतो. अशा वर्षी कैकोरा किंवा नॉर्वे परवडत नसेल, तर देवमाशांचा बेत फेब्रुवारीवर ढकलावा आणि दिवाळीला तारकर्लीचे डॉल्फिन पाहून यावेत.

सकाळ कशी असते

पुन्हा मिरिसाला गेलो ते एका फेब्रुवारीत. पहाटे साडेसहाला बंदरातून बोट निघाली. पहिला तासभर काहीच घडत नाही, हे आधी मुलांना सांगून ठेवावे. डावीकडे दोंड्रा टोकावरचे पांढरे दीपगृह मागे पडते, पाण्याचा हिरवेपणा जाऊन दाट निळा रंग येतो, आणि क्षितिजावर एकामागून एक मालवाहू जहाजे दिसू लागतात. जगातील अत्यंत वर्दळीचा सागरी मार्ग येथून जातो, आणि देवमासे व जहाजे यांची टक्कर ही येथली खरी समस्या आहे. एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने २०२२ पासून आपली जहाजे आणखी दक्षिणेकडून नेण्यास सुरुवात केली. आमच्या नाखव्याने इंजिन बंद केले तेव्हा कोणालाच कारण कळले नाही. मग सुमारे दोनशे मीटरवर पांढऱ्या वाफेचा सरळ खांब उभा राहिला आणि क्षणभराने आवाज आला, प्रेशर कुकरची शिटी काढल्यावर वाफ सुटते तसा, पण खूप खोल आणि लांब. पाठ दिसू लागली ती दिसतच राहिली. लोकलचा एक अख्खा डबा पाण्याखालून सरकतो आहे असे वाटावे, आणि तो पाण्याखाली असेल तेथे समुद्र फिकट पोपटी-निळा होतो. चार-पाच श्वासांनंतर पाठीची कमान झाली, रुंद शेपूट सावकाश वर आले, पाणी निथळले, आणि समुद्र पुन्हा सपाट. त्यानंतर दहा-बारा मिनिटे वाट. पाण्यावर तेलासारखा गुळगुळीत गोल उरतो, त्याला देवमाशाचे पाऊल म्हणतात, आणि तो कुठे आहे ते पाहून नाखवा पुढचा अंदाज बांधतो.

अंतरावरून जात ओळखायची असेल तर फवाऱ्याकडे पाहावे. निळ्याचा फवारा उंच आणि सरळ असतो, हंपबॅकचा बुटका आणि झुडपासारखा, सदर्न राइटचा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दुभंगलेला, आणि स्पर्म व्हेलचा डाव्या बाजूला, पुढे कललेला. स्पर्म व्हेलने शेपूट दाखवून बुडी मारली, तर पाऊण तास तरी तो वर येण्याची शक्यता कमी. बसून डबा उघडावा.

बोट, वारा आणि पोट

बोट निवडताना किमतीपेक्षा तिचे वागणे विचारावे. ऑस्ट्रेलियात बोटीने देवमाशापासून १०० मीटर आणि पिल्लू बरोबर असेल तर ३०० मीटर दूर राहावे असा दंडक आहे, हवाईत १०० यार्डांचा. जो बोटवाला ‘अगदी हात लावण्याइतके जवळ नेतो’ असे सांगतो, त्याला नमस्कार करून पुढे जावे, कारण पाठलाग केलेला देवमासा लवकर बुडी मारतो आणि दूर जाऊन वर येतो, म्हणजे दिसतोही कमीच. शंभर टक्के हमी देणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये. त्याऐवजी देवमासा न दिसल्यास दुसरी फेरी विनामूल्य देणारा बरा. वरचा उघडा मजला, प्रत्येकाला मापाचे जीवरक्षक जाकीट (लहान मुलांचे वेगळे मागावे) आणि चार तासांच्या फेरीसाठी शौचालय, एवढे आदल्या संध्याकाळी बंदरावर जाऊन डोळ्यांनी पाहून घ्यावे. दूरध्वनीवर सगळ्याच बोटी उत्तम असतात.

वाऱ्याचा अंदाज दोन दिवस आधीपासून पाहावा. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे लाटांचे अंदाज हिंदी महासागरासाठी विनामूल्य मिळतात. लाटांच्या डोक्यावर सर्वत्र पांढरा फेस दिसू लागला, की फवारा आणि फेस वेगळा ओळखणे कठीण होते, आणि तशा दिवशी बोट निघाली तरी हाती फारसे लागत नाही. फेरी नेहमी सकाळची पहिली घ्यावी, कारण वारा दुपारी वाढतो.

पोटाची परीक्षा घरीच घेता येते. ऑक्टोबरनंतर एखाद्या वाऱ्याच्या दुपारी गेटवेहून मांडव्याची लाँच पकडावी. त्या तासाभरात ज्याला काही झाले नाही, त्याने निर्धास्त जावे. ज्याला झाले, त्याने मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. उपाशी पोटी जाऊ नये आणि पुरी-भाजी खाऊनही जाऊ नये. कोरडी बिस्किटे, केळे आणि खिशात आलेपाकाच्या वड्या पुरतात. बसावे बोटीच्या मध्याकडे आणि मागे, नजर क्षितिजावर ठेवावी. मोबाइलच्या पडद्यात डोके घालून बसणारे सर्वांत आधी आजारी पडतात, हे मी प्रत्येक फेरीत पाहिले.

आणि तिकिटे काढताना किनाऱ्यावर किमान तीन सकाळी मोकळ्या राहतील असे पाहावे. पहिली सकाळ वाऱ्यात जाऊ शकते, दुसरीला समुद्र रिकामा असू शकतो. पहिल्याच दिवशी देवमासा भेटला, तर उरलेल्या दोन दिवसांत मिरिसाजवळच्या गॉलचा किल्ला पाहून होतो.